मोबाइलवरचा अभ्यास आणि आपली मुले



पूर्वी मूल पाटी-पुस्तक घेऊन बसले की आईबापांना समजायचे, अभ्यास चालू आहे. आता ते मोबाइल घेऊन बसते. विचारले तर "अभ्यासच करतोय" म्हणते. खरे की खोटे, हे ओळखायचे कसे? ज्या आईबापांची शाळा चौथी-सातवीत सुटली, त्यांच्यापुढे हा मोठाच प्रश्न आहे.

आधी चांगली बाजू पाहू. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ साली आले. शाळेची इमारत मोडकळीला आलेली, शेजारी गुरांचा गोठा. त्यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड, म्हणजे काळ्या ठिपक्यांचा चौकोन, छापायची कल्पना काढली. त्यावर मोबाइलचा कॅमेरा धरला की कविता ऐकू येते, धडा डोळ्यांनी दिसतो. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचे 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्याआधीच बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आले होते. २०१७ साली सुरू झालेल्या सरकारी 'दीक्षा' ॲपवर हे धडे फुकट पाहता येतात. आपल्या किती घरांत हा चौकोन एकदा तरी उघडून पाहिला गेला?

आता दुसरी बाजू. मार्च २०२० मध्ये कोरोनाने शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलवर आला. ज्या घरात एकच मोबाइल होता, तिथे बाप कामावर गेला की वर्गही त्याच्या खिशातून गेला. रिचार्ज संपला की शाळा सुटली. दोन भावंडे असली तर पाळी बहुधा मुलाची आली आणि मुलगी चुलीपुढे बसली.

२०२४ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना विचारले गेले. सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. पण आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरणारे ५७ टक्के आणि सोशल मीडियासाठी वापरणारे ७६ टक्के. स्वतःचा फोन असण्यात मुली मुलांच्या मागेच होत्या.

मग मोबाइल फेकून द्यायचा का? मुळीच नाही. घरात चार नियम करा. अभ्यासाची वेळ ठरवा आणि त्या वेळी मोबाइल सर्वांसमोर वापरू द्या. मुलीची पाळी मुलाइतकीच ठेवा. पाहून झाल्यावर "काय शिकलास, मला सांग" असे विचारा. तुम्हाला विषय येत नसला तरी चालेल. ज्याला कळले तो सांगू शकतो, ज्याने नुसते पाहिले तो अडखळतो. आणि लिहिणे वहीतच होऊ द्या. आता तर प्रश्न टाकला की यंत्रच निबंध लिहून देते. तो उतरवून मार्क मिळतील, बुद्धी वाढणार नाही. भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले, ऐकले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, पारखून घ्या. मोबाइलच्या उत्तरालाही हाच नियम लावा.

पण सगळे घरावर टाकून चालणार नाही. बाबासाहेब परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहून शिकले. गरीब मुलाला अभ्यासाला जागा लागते, हे त्यांनी भोगले होते. म्हणूनच बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले. आज आपल्या वस्तीवस्तीत विहार आहे, आणि रविवारची वंदना झाली की बऱ्याच ठिकाणी त्याला कुलूप लागते. तिथे संध्याकाळी दिवा लावा, दोन टेबले, एक संगणक आणि इंटरनेट ठेवा. कॉलेजातील मुलामुलींनी पाळीपाळीने बसावे, लहानांचा अभ्यास घ्यावा, शिष्यवृत्तीचे 'महाडीबीटी'वरचे फॉर्म भरून द्यावेत. सायबर कॅफेत जाणारे पैसे वाचतील, चुका टळतील.

पैसा कुठून आणायचा, असे विचाराल. मी कारकुनी करतो, हिशेब मला कळतो. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यात अशा अभ्यासिकेचे वर्षभराचे इंटरनेट सहज भागते. येत्या १४ एप्रिलच्या वर्गणीची बैठक बसेल, तेव्हा महिला मंडळाने हा विषय पहिला मांडावा. ज्या वस्तीत अशी अभ्यासिका चालू आहे, त्यांनी तिची माहिती या पानाकडे जरूर पाठवावी. इतरांना त्याचा उपयोग होईल.

जयभीम! नमो बुद्धाय!