खांब राहू द्या, भाडं सांगा

मार्चमध्ये टपालाने एक जाड पाकीट आलं. आत चकचकीत पुस्तिका, मुखपृष्ठावर संगणकावर रंगवलेलं घर. चार पांढरे खांब, खिडकीतून दिसणारं झुंबर आणि हिरवळीवर हसणाऱ्या मुली. त्यातली एक सावळी आहे. आमच्या वेळच्या फोटोतही एकच सावळी होती, ती मी. मजकूर असा, की आपलं जुनं चॅप्टर हाउस पाडून त्याच जागी नवं बांधायचं आहे, तरी बहिणींनी सढळ हाताने द्यावं. पाचशे डॉलरला अंगणात नावाची वीट, पंचवीस हजारांना खोलीच्या दारावर पाटी.

मी पैसे द्यायला नाखूश नाही, हे आधीच सांगते. पण या घराला, या नकाशाप्रमाणे, माझा विरोध आहे आणि तो मी त्यांना कळवलाही आहे.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकन विद्यापीठांत मुलींच्या सोरोरिटी असतात, ग्रीक अक्षरांच्या नावांच्या. दरवर्षी नव्या मुली पारखून घेतल्या जातात, त्या वर्गणी भरतात, आणि मोठ्या विद्यापीठांत त्यातल्या बऱ्याच जणी सोरोरिटीच्या घरात राहतात. अनेक ठिकाणी हे घर विद्यापीठाच्या मालकीचं नसतं. माजी सदस्यांनी चालवलेल्या एका 'हाउस कॉर्पोरेशन'च्या नावावर ते असतं. माझी आई या सगळ्याला भिशी म्हणायची. "फक्त तुझा नंबर कधी लागत नाही, एवढाच फरक," असं वर.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात, मी त्या घरात राहिले. तिथे 'कोल्ड डॉर्म' नावाची चीज होती. माळ्यावर एक लांबलचक खोली, तिच्यात ओळीने दुमजली लोखंडी खाटा, आणि आम्ही साठ-एक मुली तिथे झोपायचो. हिवाळ्यातसुद्धा खिडक्या थोड्या उघड्या. बाहेर शून्याखाली तापमान, आत प्रत्येकीचं विजेचं ब्लँकेट. खालच्या मजल्यांवरच्या खोल्या फक्त अभ्यासाला आणि कपड्यांना. बोलायचं नाही, दिवा लावायचा नाही, गजर उशीखाली. पहिल्या महिन्यात मी सर्दीने बेजार झाले. पण त्या माळ्याचा एक हिशोब होता. एकाच छपराखाली दुप्पट मुली मावत होत्या, म्हणून भाडं वसतिगृहापेक्षा कमी पडत होतं. त्या भाड्याकडे बघूनच बाबांनी परवानगी दिली होती. 'बहिणीबहिणींचं नातं' वगैरे त्यांना काही कळलं नव्हतं आणि ते कळून घ्यायची त्यांना गरजही वाटली नाही.

तिसऱ्या वर्षी बाबांची नोकरी गेली. दोन महिन्यांचं बिल थकल्यावर मला एक पत्र आलं, अतिशय गोड भाषेतलं. सदस्यत्व तात्पुरतं स्थगित, खाट रिकामी करावी. मी एका तळघरात राहायला गेले. घरात जेवायची मला परवानगी नव्हती. एक मैत्रीण नॅपकिनमध्ये गुंडाळून पाव आणि चिकन आणून द्यायची, मागच्या दाराने, आणि दोघीही चोरी केल्यासारख्या हसायचो. पुढच्या सत्रात पैसे भरले आणि परत आले. कोणी वाईट वागलं नाही. खजिनदार मुलगी वीस वर्षांची होती, तिला हप्ता भरायचा होता आणि माझी खाट रिकामी ठेवणं तिला परवडत नव्हतं.

घर पाडावं की नाही, याबद्दल माझा वाद नाही. तो माळा पाडायलाच हवा. १९९६ च्या मे महिन्यात, चॅपेल हिलला पदवीदानाच्या दिवशी, मुलांच्या एका फ्रॅटर्निटीच्या घराला पहाटे आग लागून पाच विद्यार्थी गेले. घरात स्प्रिंकलर नव्हते. त्यानंतर त्या गावाने अशा घरांना स्प्रिंकलर सक्तीचे केले. ती बातमी वाचली त्या रात्री मला आमच्या माळ्यावरचा एकुलता अरुंद जिना आठवत राहिला. तेव्हा स्प्रिंकलर, दुसरा जिना, नवी वायरिंग, व्हीलचेअर आत जाईल असं दार, याला कोण नाही म्हणेल? पण पुस्तिकेत या गोष्टींना मिळून अर्धं पान आहे. झुंबराच्या दिवाणखान्याला चार पानं आहेत, कारण निवडीच्या आठवड्यात नव्या मुली तिथे येणार आणि शेजारच्या सोरोरिटीने गेल्याच वर्षी आपलं घर नवं केलं आहे.

आता पैशांचं बघू. अशा मोहिमेतून सगळा खर्च क्वचितच उभा राहतो. उरलेल्यासाठी कर्ज काढतात. ते फेडतात आत राहणाऱ्या मुली भाड्यातून, आणि न राहणाऱ्या मुली 'पार्लर फी'तून, म्हणजे दिवाणखान्यात बसण्याच्या हक्कापोटी. खाटा भरल्या नाहीत तर हप्ता चुकेल, म्हणून सदस्य झालीस की किमान एक वर्ष घरात राहायचंच, असा करार सही करून घेतात. म्हणजे खांब निवडणार पन्नाशीतल्या आम्ही, आणि सही करणार अठरा वर्षांची पोर.

मोहिमेच्या अध्यक्षबाई माझ्याच बॅचच्या. फोनवर मी हे बोलले तेव्हा त्यांनी बिनतोड वाटणारं उत्तर दिलं. "अगं, तू दिले नाहीस तर कर्ज वाढेल, आणि भाडं मुलींवरच पडेल." मुद्दा खरा आहे. मी दोन दिवस त्यावर विचार केला. पण तो खरा ठरतो फक्त घराचा आकार ठरलेला आहे असं मानलं तर. आणि आकार कोणी ठरवला? नव्या नकाशात दोघी-दोघींच्या खोल्या आहेत, प्रत्येकीला जोडून बाथरूम, आणि एकूण खाटा जुन्या घराहून कमी. खर्च वाढवायचा, वाटेकरी कमी करायचे आणि मग सांगायचं की भाडं कमी राहावं म्हणून देणगी द्या. मी विचारलं, नव्या घरात महिन्याला किती पडेल? तो आकडा अजून काढलेला नाही म्हणाल्या. विटेचा दर मात्र काढून झाला होता.

करकायद्यानेही यात आपली गंमत केली आहे. हाउस कॉर्पोरेशन कायद्याच्या दृष्टीने सहसा एक सामाजिक क्लब असतो, त्याला दिलेल्या देणगीवर करसवलत नाही. सवलत हवी तर सोरोरिटीच्या धर्मादाय फाउंडेशनमार्फत द्यायचं, आणि ते पैसे शैक्षणिक भागावरच खर्च करता येतात: अभ्यासिका, ग्रंथालय, संगणकाची सोय. खाट आणि जेवण शिक्षणात मोडत नाही. म्हणून नकाशांत अभ्यासिका फुगतात. ज्या मुलीकडे खाटेचे पैसे नाहीत, तिला त्या अभ्यासिकेचा काय उपयोग, हे विचारायची सोय फॉर्मवर नाही.

पुस्तिकेत इतिहासाचं एक पान आहे, आणि माझा राग खरा तिथे आहे. त्यावर लिहिलंय की स्त्रियांच्या मालकीचं घर ही मोठी क्रांती होती. होतीच. १८८६ मध्ये सिरॅक्यूसला अल्फा फाय या संस्थेच्या मुलींनी स्वतःचं घर बांधायला घेतलं. मुलींच्या अशा संस्थेचं ते पहिलं घर मानतात. देशभर बायकांना मत मिळायला तेव्हा अजून चौतीस वर्षं होती. आणि त्याच वर्षी, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला म्हणून पंडिता रमाबाई फिलाडेल्फियाला पोचल्या. पुढची दोन वर्षं त्या गावोगावी भाषणं देत हिंडल्या, हिंदुस्थानातल्या विधवांसाठी एक घर हवं म्हणून. त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्यांत फ्रान्सिस विलार्ड होत्या, दारूबंदी चळवळीच्या पुढारी, आणि त्याच सुमाराला अल्फा फायच्या राष्ट्रीय अध्यक्षसुद्धा. माझ्या दोन्ही आज्या एका ओसरीवर बसलेल्या दिसाव्यात, तसं मला हे वाचून झालं होतं.

१८८७ च्या डिसेंबरमध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन झाली. गावोगावच्या 'रमाबाई सर्कल'मधल्या बायकांनी काय कबूल केलं? दरवर्षी ठरावीक वर्गणी, दहा वर्षं. म्हणजे भिंतींबरोबर आत राहणाऱ्यांचा रोजचा खर्च. मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. तिथे शिकलेल्या गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून आनंदीबाई कर्वे झाल्या. ज्या बाईकडे खाटेचे पैसे नाहीत तिच्यासाठीच ते घर होतं. आमच्या पुस्तिकेने इतिहासाचा वारसा सांगावा आणि गणित मात्र उलटं करावं?

आम्ही माजी सदस्य फक्त पैसे देतो, मुलींच्या कारभारात पडत नाही, असंही कोणी सांगू नये. २०१३ मध्ये अलाबामा विद्यापीठातल्या 'क्रिमझन व्हाइट' या विद्यार्थी-वृत्तपत्राने छापलं, की कृष्णवर्णीय मुलींना घ्यायला सोरोरिटीतल्या काही सदस्या तयार होत्या, पण माजी सदस्यांनी अडवलं. त्यावर एवढा गदारोळ झाला की विद्यापीठाला मध्ये पडावं लागलं. कोणाला आत घ्यायचं यावर आमचं वजन पडतं. पांढऱ्यांच्या संस्थांत त्यासाठी कधी उघड नियम असत, कधी नुसती कुजबुज. आता भाड्याचा आकडा तेच काम निमूटपणे करू शकतो, आणि त्यात कोणालाच वाईट म्हणवून घ्यावं लागत नाही.

म्हणून मी लिहून कळवलं आहे. खांब आणि झुंबर काढा. तीन-चार जणींच्या खोल्या करा, सामाईक न्हाणीघरं ठेवा, खाटा जुन्या घराएवढ्या राहू द्या. जमलेल्या रकमेतला ठरावीक हिस्सा भाड्याच्या निधीत टाका, आणि बिल थकलं तर सत्र संपेपर्यंत खाट आणि ताट काढून घेणार नाही, हे कॉर्पोरेशनच्या नियमांत लिहा. असं झालं तर मी दहा वर्षं दरवर्षी देईन, रक्कमही लिहिली आहे. वीट नको.

उत्तर आलं, आभाराचं. सोबत परत तोच फॉर्म, विटेवर जास्तीत जास्त किती अक्षरं बसतात त्याच्या सूचनेसह. चेक लिहून ड्रॉवरमध्ये ठेवलाय. पुढच्या महिन्यात सगळ्यांची झूमवर बैठक आहे. नॅपकिनमधून जेवण आणणारी मैत्रीणही येणार आहे. भाड्याचा आकडा आधी ती विचारेल, मग मी, असं आमचं ठरलंय.