नळ आला, सांडपाण्याचं काय?

थरच्या वाळवंटात पाणी वाया घालवण्याची चैन कुणालाच परवडली नाही. जैसलमेरकडे वर्षाकाठी पाऊस जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास. तिथल्या बायका भांडी वाळूने घासत. आंघोळीच्या खाटेखाली परात ठेवत आणि परातीतलं पाणी पुन्हा कामात आणत. एकच पाणी दोन-तीनदा वापरायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

आता घरोघरी नळ येतोय. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनचं उद्दिष्ट आहे माणशी रोज ५५ लिटर. बाईच्या डोक्यावरची घागर उतरतेय, याचा मला मनापासून आनंद आहे. पण मैत्रिणींनो, जरा हिशेब करून बघू या. पाच माणसांच्या घरात २७५ लिटर पाणी आलं, तर त्यातलं साधारण दोन-तृतीयांश, म्हणजे १८० लिटरच्या आसपास, सांडपाणी होऊन बाहेर पडतं. शंभर घरांच्या गावात हे झाले रोजचे १८ हजार लिटर. जवळजवळ दोन टँकर! जिथे टँकरची वाट पाहण्यात दिवस जायचे, तिथेच हे पाणी बोळात साचून डास पोसणार? साचलेल्या पाण्याची किंमत थरने मोजली आहे. कालवा पोचलेल्या या कोरड्या मुलखात १९९४ साली भरपूर पावसानंतर मलेरियाची मोठी साथ आली होती.

आपल्याकडे नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून डास हटवले. वाळवंटात मात्र पाणी नुसतं जिरवून भागणार नाही, ते पुन्हा वापरायला हवं, असं मला वाटतं. त्यासाठी शहरासारखं मोठं यंत्र नको. मोरीचं पाणी आधी एका छोट्या टाकीत घ्यायचं, तिथे खरकटं आणि तेलकटपणा अडतो. मग ते खडी भरलेल्या, बोरू किंवा कर्दळ लावलेल्या वाफ्यातून सावकाश जाऊ द्यायचं. खडीवर आणि मुळांवर वाढणारे जिवाणू घाण खाऊन टाकतात. पाणी खडीखालीच राहतं, त्यामुळे डासांना अंडी घालायला जागा मिळत नाही आणि उन्हाने पाणी कमी उडतं. बाहेर पडणारं पाणी चाऱ्याला, झाडांना द्यावं. कच्च्या खायच्या भाजीला नको. साबणातला क्षार कोरड्या जमिनीत साठत जातो, म्हणून साबण बेताने वापरावा. संडासाचं पाणी मात्र यात मुळीच मिसळू नये. त्याला दोन खड्ड्यांचा, आलटून-पालटून वापरायचा संडासच बरा.

हे सगळं ऐकायला सोपं आहे. पण ती टाकी दर आठवड्याला साफ कोण करणार? उत्तर तुम्हालाही ठाऊक आहे! वाफा कुठे करायचा हे पुरुष ठरवणार आणि टाकीतला गाळ मात्र बाई उपसणार. हे मला मान्य नाही. गावच्या पाणी समितीत निम्म्या बायका असाव्यात, असं जलजीवन मिशनचेच नियम सांगतात. मग त्या नुसत्या सहीपुरत्या कशाला? सांडपाण्याची जागा त्यांनी ठरवावी, आणि देखभाल करणारीला पंचायतीने रीतसर मानधन द्यावं. घागर उतरवून तिच्या हातात गाळाचं घमेलं द्यायचं असेल, तर बाईचं ओझं कमी झालं असं कसं म्हणायचं?