वरातीतला बँजो आणि विद्यापीठाची पदवी



लग्नसराईत आपल्या कड्यात एखाद्या वरातीजवळ दहा मिनिटं थांबा आणि नाचणाऱ्यांकडं नाही, वाजवणाऱ्यांकडं बघा. बँजोवर बसलेलं पोरगं विशीतलं असतं. त्याला नोटेशन वाचता येत नाही. नवं गाणं मोबाइलवर तीन-चार वेळा ऐकलं की ते त्याच्या बोटात उतरतं. मधेच कुणी ओरडून दुसऱ्या गाण्याची फर्माईश केली, तर हलगीवाल्याकडं नुसतं बघून, ठेका न सोडता, ही मंडळी या गाण्यातून त्या गाण्यात शिरतात. स्वर वेगळा असेल तर चालता चालता जुळवून घेतात.

कानानं ऐकून उतरवणं, ऐन वेळी वाढवणं, साथीदाराच्या नजरेवर वाजवणं, एक स्वर सोडून दुसऱ्यावर जाणं, या चार गोष्टी अमेरिकेतल्या विद्यापीठांत जॅझच्या वर्गात रोज घोटून घेतात. त्याचे गुण मिळतात, पदवी मिळते. आपल्याकडं त्याच गोष्टी करणाऱ्या पोराला बाप म्हणतो, 'वाजवून पोट भरणार आहे का?' आणि आपण मास्तर लोक हजेरीपटावर त्याच्या नावापुढं फुली मारतो. लोकप्रिय संगीत वाजवणं आणि नवी चाल बांधणं हा आपल्या विद्यापीठांत पूर्ण पदवीचा विषय व्हायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि तो फक्त मुंबई-पुण्यात असून चालणार नाही, मराठवाड्यातही पाहिजे.

'वरातीतलं वाजवणं विद्यापीठात?' असं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी जरा इतिहास बघावा. जॅझचा पहिला पदवी अभ्यासक्रम अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या डेंटन इथं १९४७ साली सुरू झाला. पण त्याचं नाव जॅझ नव्हतंच, 'डान्स बँड' असं ठेवलं होतं. कारण काय, तर जॅझ हा शब्द तेव्हा घरंदाज समजला जात नव्हता! दारूचे अड्डे आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या यांच्याशी तो जोडलेला होता. आपल्याकडं तमाशा हा शब्द उच्चारताना काही मंडळी अजून आवाज खाली करतात, तसंच हे.

आपल्या रागसंगीताचंही वेगळं काही घडलं नाही. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा गाणं वर्गात बसून, फी भरून, फळ्यावर लिहून शिकता येतं हेच लोकांना पटत नव्हतं. आज आपल्या तालुक्यातली पोरंसुद्धा प्रारंभिक, प्रवेशिकेच्या परीक्षा देतात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. म्हणजे प्रश्न संगीताच्या प्रकाराचा नसून समाज त्याला कुठं बसवतो, याचा आहे.

यावर सगळ्यात नेमका विचार आपल्याकडं डॉ. अशोक दा. रानडे यांनी केला. मुंबई विद्यापीठाचं संगीत केंद्र त्यांनी उभं केलं. भारतीय संगीताची विभागणी करताना आदिम, लोक, भक्ती, कला यांच्या शेजारी त्यांनी 'जनसंगीत' हा स्वतंत्र कोटीचा शब्द ठेवला. सिनेमाचं गाणं, बँडचं वाजवणं, ऑर्केस्ट्रा हे सगळं त्यात येतं. ते वरचं की खालचं या वादात न पडता त्याचे नियम काय, कसब कुठलं, हे बघायचं. स्वतः शास्त्रीय गाणारा माणूस हिंदी चित्रपटगीतावर अख्खं पुस्तक लिहितो, हे मला फार मोलाचं वाटतं. पण त्यांचा हा शब्द पुस्तकात राहिला, वेळापत्रकात आला नाही.

तशा काही वाटा निघाल्यात. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून गुरूकडं शिकणं आणि विद्यापीठाची पदवी यांची सांगड घालतंय. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत लावणी, पोवाडा, गोंधळ हे अभ्यासाचे विषय झाले. दोन्ही कामं मोठी आहेत. पण बँजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड वाजवणारं आपलं पोर या दोन्हींच्या मधल्या फटीत पडतं. ते धड शास्त्रीयही नाही आणि धड लोककलाकारही नाही.

गंमत बघा, बँजोचंच घ्या. आपण ज्याला बँजो म्हणतो तो बुलबुलतरंग. त्याचं मूळ जपानमधल्या नागोया शहरात १९१२ साली तयार झालेलं ताइशोगोतो नावाचं वाद्य. टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा. ते समुद्र ओलांडून आलं, आपण त्याला पिकअप बसवला, भोंग्याला जोडलं आणि गावच्या वरातीचं करून टाकलं. शंभर वर्षांत परकं वाद्य इतकं आपलं झालं, आणि त्यावर मराठीत एक धड पाठ्यपुस्तक नाही.

शिकवल्यानं काय होतं, ते गोव्याकडं बघून कळतं. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत गरिबाघरच्या पोरांनाही सॉल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सारेगम, आणि व्हायोलिन शिकवत. ती पोरं मुंबईला आली. रात्री हॉटेलांत जॅझ वाजवायची आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. आंतोनियो वाझ ऊर्फ चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यातलीच नावं. संगीतकारानं चाल गुणगुणायची आणि पन्नास वादकांनी काय वाजवायचं ते यांनी कागदावर उतरवायचं, अशी कामाची वाटणी होती. प्यारेलाल यांनी व्हायोलिन शिकलं ते याच गोन्साल्विस सरांकडं. १९७७ च्या सिनेमातलं ते अँथनीचं गाणं आपण सगळे नाचलोय, पण त्या नावाचा खरा माणूस संगीताचा शिक्षक होता, हे किती जणांना माहीत आहे?

गावच्या शाळेत लिहायला-वाचायला शिकवलं म्हणून त्या पोरांना मुंबईत काम मिळालं. आपल्या पोरांकडं कान आहे, हात आहे, लिहिता येत नाही. म्हणून स्टुडिओच्या दारातून ती परत येतात.

आता चाल बांधण्याबद्दल. आपल्या संगीत परीक्षांचा भर राग ओळखणं, बंदिश गाणं, ताल हातावर देणं यावर आहे. स्वतःचं काही रचून दाखवा, असं आपण क्वचितच सांगतो. मराठी विषयात निबंध लिहायला लावतो, चित्रकलेत संकल्पचित्र काढायला लावतो, मग संगीतातच पाठांतर का? वामनदादा कर्डकांनी हजारो लोकांपुढं स्वतःची गाणी गायली, त्यांना कुठल्या वर्गात रचना शिकवली नव्हती. अजय-अतुल यांचंही रीतसर शिक्षण झालेलं नाही, आणि २०१६ च्या 'सैराट'साठी त्यांनी हॉलीवूडच्या स्टुडिओत वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. यावर लोक म्हणतात, 'बघा, शिक्षणाशिवाय जमतं की!' जमतं, पण कुणाला? लाखात एखाद्याला. विद्यापीठं उरलेल्यांसाठी असतात.

एक आक्षेप मात्र मला खरा वाटतो. वर्गात आणलं की कला साच्यात बसते. अमेरिकेतही जुने वादक कुरकुरतात, की जॅझची पदवी घेतलेली पोरं सगळी सारखीच वाजवतात. आपल्याकडं हा धोका जास्त आहे, कारण आपण कशाचेही गाईड छापतो. 'वरातवादनाची पाच वैशिष्ट्ये लिहा' असा प्रश्न पेपरात आला, तर सगळंच मुसळ केरात. त्यामुळं निम्म्याहून जास्त गुण प्रत्यक्ष वाजवण्याला आणि तेही चार जणांनी मिळून वाजवण्याला असावेत.

दुसरा प्रश्न आणखी अवघड आहे, आणि तो आपण टाळतो. हलगी कुणी वाजवायची हे गावगाड्यानं जातीवरून ठरवलं होतं. मान नव्हता, सक्ती होती. आंबेडकरी चळवळीत अनेक घरांनी ती सोडली ती स्वाभिमानापोटी, आणि योग्यच केलं. आता तीच हलगी विद्यापीठात गेली आणि शहरातल्या सुखवस्तू घरचं पोर तिची पदवी घेऊन आलं, वाजवणारा मात्र मिरवणुकीतच राहिला, तर तो दुसऱ्यांदा अन्याय होईल. म्हणून शिकवणारा कोण, हा प्रश्न आधी सोडवा. नेट-सेटच्या अटीत पिढ्यान्‌पिढ्यांचा हलगीवादक कसा बसणार? यूजीसीनं २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही तरतूद केली. पीएच.डी. नसली तरी किमान पंधरा वर्षांचा अनुभव असलेला माणूस विद्यापीठात शिकवू शकतो, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत. ती फक्त कंपनीच्या साहेबांसाठी आहे, असा समज करून घेऊ नका.

आणि पोटापाण्याचं? पालकांचा प्रश्न रास्तच आहे. बापानं ऊसतोडीला जाऊन उचल फेडायची आणि पोरानं बँजो शिकायचा, हे कुणाला झेपेल? पण आज तेच पोर तीन महिने सुपारीवर वाजवतंय आणि उरलेलं वर्ष रिकामं आहे. ध्वनिमुद्रण, ध्वनियोजना, वाद्यदुरुस्ती, शाळांत शिकवणं हे सगळं अशा अभ्यासक्रमात येऊ शकतं. आणि कायदाही यावा. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला. तरी आपल्या भागातली पोरं चाल आणि शब्द एकरकमी देऊन मोकळी होतात, पुढं त्या गाण्यावर दुसराच कमावतो. कराराचा एक कागद वाचायला शिकवला, तरी फीचे पैसे वसूल होतील.

२०२२ पासून कड्याला रेल्वे आहे. तरी या विषयासाठी पोराला पुण्या-मुंबईला धाडून खोलीचं भाडं भरणं इथल्या बहुतेक घरांना परवडायचं नाही. म्हणून मराठवाड्यातल्या एखाद्या महाविद्यालयानं सुरुवात करावी, निदान प्रमाणपत्र वर्गानं.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. दहावीच्या पोरांना लोककलेचे सवलतीचे गुण मिळतात, त्याचा अर्ज वेळेत भरून घ्या, ही माहिती बऱ्याच पालकांपर्यंत पोचतच नाही. आणि दप्तराविना शनिवार असेल तेव्हा गावातल्या बँजोवाल्याला शाळेत बोलवा. आधी चौथी-पाचवीच्या पोरांकडून चार ओळी लिहून घ्या, मग त्याच्या मदतीनं त्यांनाच चाल लावू द्या. पुढच्या शनिवारी हलगीवाल्याला बोलवा. मानधन मात्र द्या, नुसता नारळ आणि टॉवेल नको.