पुरा एक मिनिट

बंगळुरूचा एचएसआर लेआउट म्हटले की संगणकवाल्यांची वस्ती डोळ्यांपुढे येते. पण तिथून जवळच सेंट जॉन्स हे १९६३ साली सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय आहे. शहरात अशी आणखीही बरीच. मराठी घरांतून एमबीबीएससाठी इकडे आलेल्या मुलामुलींची हाडे, स्नायू, औषधांची नावे पाठ होतात. खरी कसोटी लागते ती बालरोग विभागातली पाळी आली की.

पहिली अडचण भाषेची. तापाला कन्नडमध्येही ‘ज्वर’च म्हणतात, हे ऐकून मराठी विद्यार्थिनीला हायसे वाटते. ‘केम्मु’ म्हणजे खोकला, हे मात्र शिकावे लागते. त्याहून लवकर शिकावा लागतो तो ‘अळबेड’ हा शब्द. अर्थ, रडू नकोस! पेशंट तीन वर्षांचा. पांढरा कोट दिसला की आईच्या पदराआड शिरणारा. मोठ्या माणसाला ‘श्वास घ्या’ म्हणून सांगता येते. इथे स्टेथोस्कोप तळहातावर चोळून ऊबदार करायचा आणि मूल आईच्या मांडीवर असतानाच छाती तपासून घ्यायची. घसा आणि कान अगदी शेवटी, कारण पुढची रडारड ठरलेली. या युक्त्या पुस्तकापेक्षा वॉर्डातल्या सिस्टर अधिक चांगल्या शिकवतात.

आनंद मिळतो तोही भरभरून. जुलाबाने गळून गेलेले, डोळे खोल गेलेले बाळ मीठ-साखरेचे पाणी चमच्याचमच्याने पिते आणि काही तासांत खुळखुळ्याकडे हात नेते. मोठ्यांच्या आजारात इतकी झटपट बक्षिसी नाही. पण मुले खालावतातही तितक्याच झटपट. सकाळी जिने बोट घट्ट धरले होते, तिची खाट संध्याकाळी रिकामी दिसते. त्या रात्री मेसमधले जेवण घशाखाली उतरत नाही. घरी फोन लावला की आई विचारते, “जेवलीस का गं?” आणि उत्तर देता येत नाही. अशा वेळी ‘डॉक्टरने रडायचे नसते’ असे सुनावण्यापेक्षा एखाद्या सीनियरने शेजारी बसून चहा पाजलेला बरा. ‘हे आपल्याला झेपणार नाही’ म्हणून पुढे दुसरी शाखा निवडणारेही असतात. त्यात कमीपणा कसला?

या पाळीत हमखास शिकवतात ते श्वास मोजणे. घड्याळ लावून, पुरा एक मिनिट. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० झाले की न्यूमोनियाची शंका घ्यायची. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेले चालत नाही. तान्ह्यांचा श्वास एका लयीत नसतो.

हीच मोजणी गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी मोठे आकडे न येणाऱ्या दायांच्या हाती दिली. मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले एक साधे साधन त्यासाठी तयार केले. पुढे गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन देखभाल करायला शिकवले. तेव्हा ३९ गावांतले नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी उतरले. ‘लॅन्सेट’ने १९९९ साली हे छापले. त्या बायकांपैकी कुणी वैद्यकीय कॉलेजची पायरी चढलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या खाटेवर नवे मूल आलेले असते. केम्मु आहे, ज्वर आहे. विद्यार्थिनी घड्याळ काढते आणि मोजायला लागते.