खंबाटकीचा जुना घाट सायकलींना ठेवा

थंडी पडू लागली की शनिवार-रविवारी आमच्या वाईत एक वेगळीच जमात दिसू लागते. डोक्यावर हेल्मेट, अंगात भडक रंगाचे घट्ट कपडे, सायकलीच्या दांडीला पाण्याच्या दोन बाटल्या. पुण्याहून अंधारातच निघालेले असतात. शिरवळ, खंडाळा, खंबाटकी, सुरूर करत वाईत येतात, मिसळ किंवा वडापाव खातात आणि पसरणीच्या घाटाला लागतात. कुणी पाचगणीला थांबतो, कुणी महाबळेश्वर गाठतो. (हे खंडाळा म्हणजे आमच्या सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, लोणावळ्याशेजारचं नव्हे. मुंबईच्या नातेवाइकांना दरवेळी सांगावं लागतं म्हणून आधीच सांगून टाकतो.)

आमच्या गल्लीतल्या बऱ्याच जणांना ही मंडळी येडी वाटतात. "घरात चारचाकी असताना ह्यांना काय हौस?" मला तसं वाटत नाही. मी स्वतः नोकरीची निम्मी वर्षं अ‍ॅटलसवर काढली. बावीस इंची, काळी, मागे कॅरिअर, त्याला तपासायच्या वह्यांचा गठ्ठा बांधलेला. त्या अ‍ॅटलसचा साहिबाबादचा शेवटचा मोठा कारखाना २०२० साली बंद पडला, तोही ३ जूनला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी! असो. सायकलीच्या बाजूने मी बोलणार हे तुम्ही गृहीत धरलेलंच बरं.

तर मुद्द्याचं बोलतो. खंबाटकीत तीन-तीन पदरी जुळे बोगदे काढलेत, पुण्याकडून येणाऱ्यांसाठी एक आणि जाणाऱ्यांसाठी एक. सगळी वाहतूक त्यांतून गेली की जुन्या घाटाला काम उरणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की तो घाट मोडीत काढू नये. डांबर धड ठेवून तो सायकलवाले, पायी जाणारे आणि आसपासच्या गावांतले लोक यांच्यासाठी राखावा.

असं का म्हणतो ते सांगतो. आजवरची रीत अशी की पुण्याहून साताऱ्याकडे येताना घाट चढायचा आणि साताऱ्याहून पुण्याला जाताना बोगद्यातून जायचं. घाट एकेरी. मोटारीला यात काही अडचण नाही. पण सायकलवाल्याचं काय? येताना तो उसासे टाकणाऱ्या ट्रकांच्या शेजारून चढतो. ट्रक पायी चालण्याच्या वेगाने चाललेला, त्याला ओलांडायला मागची मोटार उतावीळ, आणि ह्या दोघांच्या मधल्या फटीत हा. सुट्ट्या जोडून आल्या की तर विचारूच नका, घाटात गाड्यांची माळ लागते. परत जाताना बोगदा. माझा भाचा ब्रेव्हे नावाचा प्रकार करतो. ही शर्यत नसते, दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे केले की झालं, पहिला-दुसरा नंबर नाही. हिमतीचा मुलगा आहे. तो मला म्हणाला, "मामा, घाट चढताना दम लागतो तो पायांना. बोगद्यात छातीत धडधडतं. मागून येणारा आवाज नुसता मोठा होत जातो, गाडी किती लांब आहे ते कळतच नाही."

मग दुसरी वाट? आहे की. वाईहून मांढरदेवीचा घाट चढून पलीकडे भोरला उतरायचं आणि कापूरहोळला पुन्हा हमरस्ता धरायचा. देखणी वाट आहे, वर गेल्यावर वाऱ्याला तोड नाही. पण सव्वाशे किलोमीटर आधीच तुडवून आलेल्या माणसाला परतीला तो चढ म्हणजे शिक्षाच. आणि पौषात काळूबाईच्या यात्रेच्या दिवसांत त्या रस्त्याकडे फिरकूही नये.

जुन्या घाटरस्त्यांचं एक वैशिष्ट्य आहे, ते मी शाळेत त्रैराशिक शिकवताना फळ्यावर मांडत असे. वाई समुद्रसपाटीपासून साधारण सातशे मीटरवर, पाचगणी बाराशे नव्वदच्या आसपास. मधला पसरणी घाटाचा रस्ता धरा बारा किलोमीटर. म्हणजे वीस-एकवीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. मुलं विचारायची, गुरुजी, सरळ वर का नाही नेला, एवढी वळणं कशाला? कारण तो इंजिनासाठी आखलेला नव्हता, बैलासाठी होता. मुंबई-पुण्याच्या बोरघाटात १८३० साली चाकांचा रस्ता झाला, त्यानंतर सह्याद्रीत जे जे गाडीरस्ते निघाले ते भरल्या गाडीच्या बैलाला झेपेल अशा बेताने निघाले. आणि बैलाला जो चढ झेपतो तोच पायडल मारणाऱ्यालाही झेपतो. दोघांचाही दम सारखाच! म्हणून जुना घाट सायकलवर 'लागतो' पण मारत नाही. नव्या रस्त्यांचं गणित दुसरं. तिथे डोंगर फोडायचा नाहीतर पोखरायचा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बैलाच्या मापाचा रस्ता आता कुणी नव्याने बांधणार नाही, त्यामुळे आहेत ते सांभाळले पाहिजेत.

खंबाटकीचा माथा तर मला भूगोलाचा तास घ्यायला फार आवडायचा. तिथे पडणाऱ्या पावसाचं उत्तरेकडचं पाणी नीरेत जातं, दक्षिणेकडचं कृष्णेत. नीरा पुढे नरसिंगपूरला भीमेला मिळते आणि भीमा कर्नाटकात कृष्णेला. म्हणजे खिंडीत फारकत घेतलेले दोन थेंब शेकडो मैलांवर पुन्हा भेटतात. मोटारीतून माथा आला कधी आणि गेला कधी हे समजत नाही. बोगद्यात तर माथाच नाही. सायकलवाला मात्र तिथे हटकून थांबतो (थांबावंच लागतं म्हणा), पाणी पितो, दोन्हीकडची खोरी बघतो. खामजाईला नमस्कार करतो.

बरं, हे सगळं पुण्याच्या हौशी लोकांसाठीच आहे का? माझा खरा जीव इथे अडकलाय. घाटाच्या पायथ्याला वेळे, सुरूर, कवठे ह्या बाजूच्या वाड्यांवरून मुलं माझ्याकडे शाळेत सायकलीने यायची. तीन-चार किलोमीटर, कधी डबलसीट. आठवीत गेली की सायकल, असा बऱ्याच घरांत रिवाजच होता. महामार्ग चौपदरी झाला, मग सहापदरी, आणि वर्गाबाहेरच्या सायकली कमी होत गेल्या. गरिबी घटली म्हणून नव्हे, आया सोडेनात म्हणून. एका विद्यार्थिनीची आई मला म्हणाली होती, "गुरुजी, मार्क कमी पडले तर चालंल, पण हायवेवर सायकल न्हाई घालायची." काय उत्तर देणार? नववीनंतर ती मुलगी शाळेत दिसली नाही. सरकारची मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलींना सायकली द्यायची योजना आहे, राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांसाठी. उत्तम योजना. पण सायकल देणारं खातं वेगळं आणि रस्ता करणारं खातं वेगळं. त्या दोघांची गाठ घालून देणारं खातं मी अजून पाहिलेलं नाही.

माझा थोरला मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्हाला विकास नको का?" हवा आहे. पाचगणी-महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा ट्रक वेळेत पुण्याला पोचला पाहिजे, वाईच्या पेशंटची अ‍ॅम्ब्युलन्स घाटात अडकता कामा नये. त्यासाठीच तर बोगदे आहेत! मोठ्या गाड्यांना त्यांचा रस्ता मिळाल्यावर जुना मोकळा होतो, तो फक्त वाया जाऊ देऊ नका असं मी म्हणतोय. नाहीतर वापर सुटलेल्या रस्त्याचं आपल्याकडे काय होतं ते ठाऊक आहे. पहिल्या पावसाळ्यात दरड येते ती तशीच राहते, दुसऱ्यात मोरी खचते, तिसऱ्या वर्षी रात्रीत कोणीतरी राडारोडा टाकून जातो.

कात्रजचं उदाहरण समोर आहे. तिथे नवा बोगदा झाला, बरीचशी जड वाहतूक तिकडे गेली, आणि जुना घाट पुण्याच्या सायकलवाल्यांची तालीम झाला. तिथेही मोटारी आहेत, म्हणून शहाणे लोक उजाडताच जाऊन येतात. पण रस्ता जिवंत आहे, कारण त्यावर एसटी आणि गावं अवलंबून आहेत. खंबाटकीच्या माथ्यावरून गाव तोडणारं-जोडणारं फारसं काही नाही, म्हणून तिथे मुद्दाम लक्ष द्यावं लागेल.

आणि घाटात कणसं, करवंदं विकणाऱ्या बायांचं काय, टपरीवाल्यांचं काय? गाड्या बोगद्यातून गेल्या की त्यांचं गिऱ्हाईकही गेलं. सायकलवाले त्याची सगळी भरपाई करतील असं नाही म्हणत मी. पण सायकलवाला खातो किती हे तुम्ही पाहिलंय का? भाच्याला चार केळी आणि दोन वडापाव उभ्याउभ्या संपवताना मी पाहिलंय. शिवाय त्याला गाडीची काच खाली करावी लागत नाही, तो बोलतो. पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव, भिलार हे २०१७ पासून पुस्तकांचं गाव, ह्या गोष्टी मला विचारून गेलेले पाहुणे बहुतेक सायकलवालेच निघाले.

खर्चाचं म्हणाल तर नवीन काही बांधायचं नाही. सायकलींना दोन्ही दिशांनी जायची मुभा, जड वाहनांना आडवा बार, पावसाळ्यानंतर दगड-माती काढणं, माथ्यावर पिण्याच्या पाण्याचा नळ. खरी गोम दोन टोकांना आहे. खंडाळ्याच्या आणि वेळ्याच्या बाजूने सेवारस्ता थेट जुन्या घाटाला जोडला नाही, तर घाट गाठायलाच सहापदरीवर घुसावं लागेल, आणि मग वर कितीही शांतता असली तरी उपयोग शून्य. हाच सेवारस्ता सलग असेल तर वाड्यांवरच्या मुलींनाही शाळेत जाता येईल. ही जोडणी काम चालू असताना स्वस्तात होते, नंतर निविदा, भूसंपादन आणि पुढची पिढी.

एका कार्यालयात मी याचा अर्ज नेऊन दिला. तिथल्या साहेबांनी तो उभ्यानेच वाचला आणि विचारलं, "सर, तुम्ही ह्या वयात सायकल चालवता?" म्हटलं, गुडघ्यांमुळे आता नाही. "मग?" ह्या 'मग?'वर मी त्यांना दहा मिनिटं बसवून घेतलं. सवय जात नाही. दीड महिन्याने उत्तर आलं, अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवला आहे. पुढे म्हणजे कुठे, ते लिहिलेलं नाही.

म्हणून आता दुसऱ्या बाजूने सुरुवात केली आहे. घाटाच्या दोन्ही अंगांच्या ग्रामपंचायतींकडे विषय दिलाय, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत घ्या म्हणून. माझे दोन जुने विद्यार्थी सदस्य आहेत, ते मांडणार आहेत. भाचा त्याच्या मित्रांच्या सह्या गोळा करतोय, पण पुण्याच्या सह्यांपेक्षा वेळे-खंडाळ्याच्या सह्यांना वजन जास्त. तेव्हा त्या भागात ज्यांचे सोयरे असतील त्यांनी मला कळवा, अर्जाचा कागद मी पोचवतो.