आकाश कोणाच्या आज्ञेत?

थिएटर कमांडची चर्चा निघाली की ती एकाच प्रश्नापाशी अडते: लढाऊ विमाने कोणाच्या आज्ञेत असावीत? मला हा प्रश्न अपुरा वाटतो. आज्ञा केव्हा निघते आणि तिच्यामागे संयुक्त तयारी किती असते, हेही तितकेच निर्णायक असते.

१९६२ मध्ये आपली वाहतूक विमाने उडाली, पण लढाऊ विमाने जमिनीवरच राहिली. १ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानी रणगाडे छांबमध्ये घुसले, तेव्हा संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी हवाई हल्ल्यांना तत्काळ परवानगी दिली. निर्णयाला विलंब झाला नाही. उणीव होती ती दोन्ही दलांच्या एकत्रित नियोजनाची. सायंकाळी पठाणकोटहून झेपावलेली चार जुनाट व्हॅम्पायर विमाने आपण गमावली. १९७१ मध्ये तयारीस अनेक महिने मिळाले. लोंगेवाला येथे जैसलमेरच्या हंटर विमानांनी रणगाड्यांचा हल्ला मोडून काढला, तो त्या पूर्वतयारीच्या बळावर. कारगिलमध्ये मात्र घुसखोरी मेच्या आरंभी उघड होऊनही हवाई हल्ले २६ मे १९९९ रोजी सुरू झाले आणि पहिल्या तीन दिवसांत दोन लढाऊ विमाने व एक हेलिकॉप्टर गमवावे लागले.

आज संरक्षण दलप्रमुखपद आहे, संयुक्त संस्थांविषयीचा २०२३चा कायदाही आहे. तरीही हवाई दलाची शंका मला अनाठायी वाटत नाही. मंजूर ४२ स्क्वाड्रनऐवजी, मिग-२१ निवृत्त झाल्यानंतर, जेमतेम २९ उरल्या आहेत. सकाळी पंजाबवर आणि दुपारी लडाखवर जाऊ शकणारे विमान एकाच आघाडीला बांधून ठेवणे म्हणजे त्याची शक्ती निम्मी करणे होय. पण जमिनीवरच्या सेनापतीने प्रत्येक उड्डाणासाठी दिल्लीकडे डोळे लावून बसावे, हेही परवडणारे नाही.

माझ्या मते मार्ग मधला आहे. आघाडीच्या सेनापतीकडे ठरावीक हवाई बळ द्यावे, उर्वरित केंद्रीय राखीव ठेवावे आणि ते केव्हा, कोणाच्या शब्दावर हलवायचे याचे नियम शांततेतच लेखी ठरवावेत. मानापमानाचे हे वाद युद्धापर्यंत रेंगाळले, तर त्यांची किंमत मुख्यालये मोजत नाहीत. ती वैमानिक आणि शिखरावरचा जवान मोजतो.