गोठा आणि घर : काळजातली पाण्याची गाठ

जत्रेला बकरे कापले की कधी कधी काळजावर पांढुरकी, पाण्याने भरलेली गाठ दिसते. कधी लिंबाएवढी, कधी पेरूएवढी. कापणारा तेवढा भाग सुरीने काढतो आणि वाट पाहत बसलेल्या कुत्र्यापुढे टाकतो. आपल्या पोटात नको, कुत्र्याच्या पोटात गेलेली बरी, असे आपल्याला वाटते. चूक होते ती नेमकी येथेच.

ही गाठ बहुतेक वेळा एका पट्टकृमीची असते. तिच्या पाण्यात वाळूसारखे बारीक कण असतात. कुत्र्याच्या आतड्यात गेले की त्यातल्या एकेका कणाचा जंत होऊ शकतो. हा जंत तांदळाच्या दाण्याएवढाच, पण एका कुत्र्याच्या पोटात असे हजारो राहतात. तरी कुत्रे खंगत नाही, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. सहा-सात आठवड्यांनी विष्ठेतून अंडी पडू लागतात. ती बांधावरच्या गवतात जातात, हौदाच्या पाण्यात जातात, परसातल्या मेथी-कोथिंबिरीवरही जातात. गुरे, शेळ्या, मेंढ्या ती चाऱ्याबरोबर खातात आणि त्यांच्या काळजात किंवा फुप्फुसात नवी गाठ धरते. पुन्हा सुरी, पुन्हा कुत्रे.

अंड्याला बैल कोण आणि माणूस कोण हे कळत नाही. पोर कुत्र्याच्या गळ्यात पडते, त्याच हाताने भाकरी खाते, आणि गाठ पोराच्या काळजात धरते. ती वर्षानुवर्षे सावकाश वाढते. मग कधीतरी उजव्या बरगडीखाली जड वाटते, दुखते. फुप्फुसात असली तर खोकला येतो. अशा वेळी पोट चोळून घेऊ नका. गाठ आत फुटली तर जिवावर बेतते. सोनोग्राफीत ती दिसते आणि औषधाने किंवा शस्त्रक्रियेने उपचार होतात.

काही वाचक म्हणतील, आम्ही माळकरी, आमच्या घरी मांस शिजत नाही, मग भीती कसली? गुरांच्या अर्धकच्च्या मांसातून होणारा पट्टकृमी निराळा. तो माणसाच्या आतड्यात कित्येक मीटर वाढतो. माणूस उघड्यावर बसला की त्याची अंडी गुरांच्या चाऱ्यात जातात. मांस नीट शिजवले आणि संडास वापरला की तो अडतो. आपला हा जंत मात्र कुत्र्याच्या वाटेने येतो, म्हणून माळकऱ्याच्या घरीही येतो. गाठीचे काळीज माणसाने खाल्ले तरी त्यातून त्याला ही गाठ होत नाही. तेच कुत्र्याने खाल्ले की घरादाराला धोका होतो.

आइसलँड या मेंढपाळांच्या देशात एके काळी हा रोग घरोघर होता. १८६३ साली क्राबे नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने तेथे शंभर कुत्री तपासली, तर अठ्ठावीस कुत्र्यांत हा जंत निघाला. पुढच्याच वर्षी लोकांना सोप्या भाषेत समजावणारी पुस्तिका घरोघर वाटली गेली. १८९० साली कुत्र्यांना औषध देण्याचा आणि गाठी नष्ट करण्याचा कायदा झाला. पुढच्या पिढ्यांतून रोग हटला. लोकांनी कुत्र्याचे खाणे बदलले, हे त्यातले मोठे काम.

आपणही एवढे करावे :

१. गाठीचे काळीज, फुप्फुस कुत्र्याला टाकू नका. जाळा, किंवा कुत्र्याला उकरता येणार नाही इतके खोल पुरा. मेलेले जनावरही उघड्यावर टाकू नका.

२. कुत्र्याला मांस द्यायचेच तर अर्धा-पाऊण तास उकळून द्या.

३. पशुवैद्याच्या सल्ल्याने कुत्र्याला जंताचे औषध ठरलेल्या वेळी द्या. औषधाने जंत मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून पुढचे दोन-तीन दिवस कुत्रे बांधून ठेवा आणि विष्ठा पुरून टाका.

४. कुत्र्याला हात लावल्यावर, जेवणाआधी साबणाने हात धुवा. पालेभाजी नीट धुऊन घ्या.

कुत्रे आपल्या वस्तीचे राखणदार आहे. त्याला हाकलू नका, उपाशी ठेवू नका. भाकर घाला, शिजवलेले घाला. आणि पुढच्या जत्रेला सुरी चालेल तेव्हा घरातल्या एका शहाण्या माणसाने तेथे उभे राहावे, एवढेच.